हिरवी तार आणि काळी तार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरातला कॉम्प्युटर सुरू होईना, की आपण समोरचं बटण दाबतो. एकदा, दोनदा, मग जरा जोर लावून. मग प्लग काढून पुन्हा घालतो. मग मेकॅनिक येतो, तोही तेच बटण दाबतो, पेटीचं झाकण न उघडता मान हलवतो आणि म्हणतो, "मदरबोर्ड गेला." हे वाक्य ऐकलं की समोरच्या माणसाचा चेहरा उतरतो. कारण मदरबोर्ड गेला म्हणजे खर्च हजारांत. आणि मशीन जुनी असेल, तर पुढचं वाक्य ठरलेलंच असतं : "आता हिच्यावर पैसे घालू नका, नवीनच घ्या."

मदरबोर्ड खरोखर गेला आहे की त्याला वीज पुरवणारा डबा गेला आहे, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. तिला वीतभर वायर लागते आणि मिनिटभर वेळ. त्या रीतीविषयी आज बोलायचं आहे.

मी कवितेचा माणूस, बी.ए. मराठी. विजेच्या बाबतीत माझी मजल बल्ब बदलण्यापर्यंत. पण माझ्या भाच्याचं मीरा रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि संध्याकाळी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसायची मला सवय आहे. तिथं जे पाहिलं, विचारून घेतलं आणि नंतर वाचून पडताळलं, तेच सांगतो.

कॉम्प्युटरच्या पेटीत मागच्या बाजूला, जिथं आपण विजेची केबल खोचतो, तिथं पत्र्याचा एक डबा असतो. आत पंखा, बाहेर रंगीत तारांचा झुबका. इंग्रजीत त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. आपल्याकडे दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे 'एसएमपीएस' म्हणतात. त्याचं काम एवढंच, की भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घ्यायची आणि आतल्या नाजूक मंडळींना पचेल अशी १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टची करून वाटायची. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची. काळ्या तारा सगळ्या परतीच्या, म्हणजे शून्याच्या.

जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये हेच काम लोखंडी ट्रान्सफॉर्मर करायचा. तो वजनाला भारी, कारण आपली वीज सेकंदाला फक्त ५० फेरे घेते आणि एवढ्या संथ विजेला लोखंड भरपूर लागतं. एसएमपीएसची युक्ती वेगळी. तो आलेल्या विजेची आधी ३२५ व्होल्टच्या आसपासची एकदिश वीज करतो, मग सेकंदाला हजारो वेळा ती चालू-बंद करून तिचे तुकडे पाडतो. इतक्या वेगानं ये-जा करणाऱ्या विजेला मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. १९७७ साली आलेल्या अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरमध्ये रॉड होल्ट या इंजिनिअरनं असाच सप्लाय बसवला होता, म्हणून ती पेटी हलकी आणि थंड राहिली. तो ३२५ चा आकडा मात्र लक्षात ठेवा. पुढे त्याच्याशी गाठ आहे.

आता मुख्य प्रश्न. हा डबा पेटीतून बाहेर काढला, टेबलावर ठेवला, प्लग लावला आणि स्विच दाबला, तर काय होतं? काहीच होत नाही. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही. अनेक चांगले सप्लाय याच कारणानं भंगारात गेले आहेत. माणसाला वाटतं, मेला.

तो मेलेला नसतो, हुकमाची वाट पाहत असतो. आयबीएमच्या १९८४ च्या 'पीसी एटी' वळणाच्या कॉम्प्युटरना समोर खरोखरचा विजेचा स्विच असे. खटका दाबला की २३० व्होल्ट थेट सुरू. म्हणून तर विंडोज ९५ च्या काळात 'आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची नारिंगी अक्षरं पडद्यावर यायची आणि आपण उठून खटका बंद करायचो. १९९५ साली इंटेलनं 'एटीएक्स' नावाची नवी मांडणी आणली. तीत समोरचं बटण म्हणजे नुसती दारावरची घंटा झाली. बटण मदरबोर्डला सांगतं, मदरबोर्ड सप्लायला सांगतो, आणि मगच सप्लाय उठतो. शब्दांचा नाद असलेल्या माणसाला 'मदरबोर्ड' या शब्दाची तेव्हा गंमत वाटते : आईनं हाक मारल्याशिवाय हा उठत नाही.

ही हाक जाते एका हिरव्या तारेतून. सप्लायमध्ये एक छोटा भाग प्लग लावल्यापासून अखंड जागा असतो; तो जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट देत राहतो. याच जागत्या भागाच्या जिवावर हिरव्या तारेवर थोडा दाब असतो. मदरबोर्ड ती तार शून्यावर, म्हणजे काळ्या तारेच्या पातळीला खेचतो. खेचली की सप्लाय चालू, सोडली की बंद. एवढंच गुपित आहे. मदरबोर्ड नसेल, तर हिरवी आणि काळी तार आपण जोडायची.

आता रीत सांगतो, आणि ही जागा घाईची नाही. सप्लायचा प्लग आधी काढा. मोठा कनेक्टर, २० किंवा २४ भोकांचा, मदरबोर्डवरून सोडवा. हार्ड डिस्क वगैरेंच्या ताराही सोडवा. जुन्या सप्लायच्या पाठीवर ११५ आणि २३० लिहिलेली लहान लाल पट्टी असते, ती २३० वरच आहे ना, ते पाहा. ११५ वर ठेवून आपली वीज दिली तर आवाज होतो, धूर निघतो आणि चाचणी तिथंच संपते. मग मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी तार शोधा. ती एकच असते. २४ भोकांच्या कनेक्टरमध्ये तिचा क्रमांक १६, आणि तिच्या दोन्ही बाजूंना १५ आणि १७ क्रमांकाच्या काळ्या तारा. हिरवीच्या भोकात वायरच्या तुकड्याचं एक टोक आणि शेजारच्या काळीच्या भोकात दुसरं. बरेच लोक जेमक्लिप वाकवून घालतात. भाचा प्लास्टिकचं आवरण असलेली वायर वापरतो, फक्त टोकं सोललेली. त्याचं म्हणणं बरोबर आहे. उघडी क्लिप घसरून पिवळीला किंवा लालला लागली तर? त्या तारांमध्ये दाब कमी असला तरी प्रवाह दहा-वीस अँपिअरचा असतो. एवढ्यात बारीक तार लालबुंद होते. चांगला सप्लाय स्वतःला बंद करून घेतो. स्वस्तातला घेईलच असं नाही.

वायर बसवल्यावर हात बाजूला घ्यायचे आणि मगच भिंतीवरचा स्विच दाबायचा. पंखा फिरू लागला, तर सप्लायला प्राण आहे. हात चालू मशीनला लावायचा नाही. वायर काढायची तरी आधी स्विच बंद.

मल्टिमीटर असेल तर आणखी कळतं. काळी सळई काळ्या तारेला, लाल सळई एकेका रंगाला. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर साधारण ३.१४ ते ३.४७ हे आकडे ठीक. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. राखाडी तारेवर पाचच्या आसपास आलं, तर सप्लाय स्वतःच सांगतोय की माझं सगळं ठीक आहे. जांभळीवरच काही नसेल, तर जागता भाग गेलेला. मग हिरवी-काळी कितीही जोडा, तो उठणार नाही. आणि सगळे आकडे बरोबर आले, तर संशय पुढं सरकतो : मदरबोर्डकडे, किंवा त्याहून आधी समोरच्या बटणाकडे. ते बटण अतिशय स्वस्त वस्तू असते. आमच्या भाईंदरला एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मध्ये मिठागरं. इथल्या खाऱ्या हवेत लोखंडी ग्रिल गंजतात, तिथं बटणातला पत्रा काय टिकणार! मदरबोर्डच्या नावानं बिल फाडण्याआधी निदान बटण तरी पाहायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं मी का सांगतोय? भाईंदरला डीटीपीचं काम करणाऱ्या एक ताई आहेत. वीस वर्षांहून जास्त काळ लग्नपत्रिका, प्रबंध, लहान मासिकं आणि आमच्यासारख्यांचे कवितासंग्रह त्यांनी जुळवले. त्यांची जुनी मशीन बंद पडली. आलेल्या मेकॅनिकनं तेच ठरलेलं वाक्य उच्चारलं आणि मशीन भंगारात द्यायला सांगितलं. ताईंनी ती दिली नाही, कारण तिच्या हार्ड डिस्कमध्ये आमच्या एका दिवंगत कविमित्राचा संग्रह होता. पूर्ण जुळवलेला, दोनदा तपासलेला, छापायचा राहून गेलेला. हस्तलिखित घर बदलताना रद्दीत गेलेलं. त्या कविता जगात एकाच ठिकाणी उरल्या होत्या, आणि ते ठिकाण सुरू होत नव्हतं.

ताईंनी पेटी रिक्षात घालून भाच्याच्या दुकानात आणली. मी म्हटलं, "दुसरा एसएमपीएस लावून बघ ना सरळ."

"मामू, आधी माल बाहेर काढू, मग घराची डागडुजी," भाचा म्हणाला. "जुन्या एसएमपीएसनं जाता जाता काय वीज सोडली असेल, बोर्डाची काय दशा केली असेल, काय माहीत? बोर्डाच्या वाटेनं डिस्ककडे कशाला जायचं?"

त्यानं आधी ताईंच्या मशीनमधला सप्लाय बाहेर काढून हिरवी-काळी जोडली. पंखा अर्धा वळसा हलला आणि थांबला. पुन्हा तेच. मीटरवर जांभळी ठीक होती, बाकी सगळं शून्य. म्हणजे दोषी सापडला होता, निदान एक तरी. मग त्यानं दुकानातला खात्रीचा सप्लाय घेतला, त्याला मदरबोर्ड नाही काही नाही, नुसता टेबलावर. ताईंची डिस्क पेटीतून काढली. ती जुन्या धाटणीची, रुंद पट्टीच्या केबलची. तिला चार खिळ्यांचा पांढरा कनेक्टर लागतो : पिवळी, दोन काळ्या, लाल. अशा डिस्कला मोटर फिरवायला १२ व्होल्ट लागतात आणि डोकं चालवायला ५. यूएसबीच्या वायरमधून फक्त ५ येतात, म्हणून ही डिस्क नुसत्या यूएसबीवर चालत नाही. भाच्यानं वीज सप्लायकडून दिली, आणि माहितीसाठी एक छोटा जोड लावून दुसरं टोक दुकानाच्या कॉम्प्युटरला जोडलं. सगळं जोडून झाल्यावर स्विच दाबला.

डिस्क फिरायला लागली की बारीक शिट्टीसारखा आवाज चढत जातो. तो आवाज चढेपर्यंत ताई काही बोलल्या नाहीत. पडद्यावर फोल्डर दिसले. एकात आमच्या मित्राचं आडनाव होतं. भाच्यानं सगळ्यात आधी तेवढंच फोल्डर उचललं, दोन ठिकाणी ठेवलं आणि मग बाकीचं. त्याला दोनएक तास लागले. काही फाइली आल्या नाहीत, त्यात एका वधूवर मेळाव्याची पुस्तिका होती, ताई म्हणाल्या, "ती राहू दे, त्यांची लग्नं कधीच झाली."

फाइली आल्या, पण उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. युनिकोड रुळण्याआधी मराठी डीटीपीची प्रत्येक पॅकेजची लिपीची आपापली मांडणी होती. तो फाँट नसेल तर मराठी वाचता येत नाही. ताईंच्या पॅकेजला तर प्रिंटरच्या पोर्टला लावायचं कुलूप होतं, आणि तसं पोर्ट नव्या मशीनला नाही. म्हणजे जुनी मशीन जिवंत होणं भागच होतं. भाच्यानं तिच्यात दुसरा सप्लाय बसवला, डिस्क परत लावली, बटण दाबलं. मशीन सुरू झाली. मदरबोर्डला काहीही झालेलं नव्हतं. त्याच रात्री ताईंनी संग्रहाचा कागदावर प्रिंट काढला. आता पुन्हा टाइप करणं चाललं आहे, या वेळी युनिकोडमध्ये.

पण हिरवी-काळीच्या चाचणीला देवत्व देऊ नये. पंखा फिरला म्हणजे सप्लाय धडधाकट, असं नाही. रिकाम्या हातानं चालणारा माणूस आणि डोक्यावर पोतं घेतलेला माणूस यांत फरक असतो. सप्लायचं खरं रूप ओझ्याखाली दिसतं. बिनओझ्याचा १२ दाखवणारा सप्लाय मशीन जोडताच १० वर येऊ शकतो. उलट काही जुन्या सप्लायना थोडं तरी ओझं लागतंच. ते नसलं तर आकडे हलतात किंवा तो उठून लगेच बसतो आणि चांगला असून मेलेला वाटतो. म्हणून चाचणीच्या वेळी एखादा जुना सीडी ड्राइव्ह जोडावा. भाचा पिवळी आणि काळीमध्ये गाडीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावतो. पावणेदोन अँपिअरचं ओझंही पडतं आणि डोळ्यांना दिसतंही. बल्ब लुकलुकला तर समजायचं. काही नव्या सप्लायमध्ये तर ओझं कमी असताना पंखा मुद्दामच थांबलेला असतो. तिथं पंख्यावरून काही ठरवायचंच नाही.

आणि आता तो ३२५ चा आकडा. डब्याच्या आत मोठे कपॅसिटर असतात. ते हा दाब साठवून ठेवतात, आणि प्लग काढल्यावरही काही काळ तो त्यांच्यात राहू शकतो. अलीकडच्या बऱ्याच सप्लायमध्ये तो ४०० च्या जवळ असतो. आत बोट लागलं तर माणूस जाऊ शकतो. त्यामुळे बाहेरच्या तारांशी आपण बोलू शकतो. डब्याचे स्क्रू उघडणं आपलं काम नाही. २००० च्या आसपासच्या काही वर्षांत खराब कपॅसिटरची जगभर साथ आली होती. फुगलेल्या, गळणाऱ्या कपॅसिटरनी कितीतरी मदरबोर्ड आणि सप्लाय मारले. त्या काळच्या डब्यात डोकावायचा मोह होतो. डोकावावं, पण पंख्याच्या जाळीतून, बॅटरी मारून.

भिजलेल्या सप्लायला तर ही चाचणी लावूच नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या पावसात आमच्याकडेही तळमजल्यावरच्या दुकानांत पाणी शिरलं. भाच्याचे उस्ताद सांगतात, पुढचे कित्येक दिवस लोक चिखलानं भरलेल्या पेट्या घेऊन येत आणि म्हणत, "उन्हात वाळवलीय, लावून बघा." ते लावत नसत. बाहेरून वाळलेल्या डब्यात चिखलाचा थर राहतो, थरात मीठ असतं, आणि तिथून वीज पत्र्यापर्यंत येते. हार्ड डिस्क सोडवून ठेवायची, एसएमपीएस टाकून द्यायचा, हा त्यांचा नियम. कितीही नवा असला तरी.

हे उस्ताद लॅमिंग्टन रोडवर शिकलेले. १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं हे नाव, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मीरा रोडहून ग्रँट रोडला जायचं म्हणजे वाटेत कुठं तरी फास्ट सोडून स्लो गाडी धरायची. तिथं दुकानात सप्लाय विकत घेताना विक्रेता खोक्यातून डबा काढतो, वायरचा तुकडा खोचतो, पंखा फिरवून दाखवतो आणि म्हणतो, "चेक करके दिया." तुम्ही आता त्याला एक ड्राइव्ह किंवा बल्ब जोडून पिवळीचा आकडा दाखवायला सांगू शकता. तोंड वाकडं करील, पण दाखवील.

काही हौशी मंडळी जुन्या सप्लायवर १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या किंवा गाडीचा स्टिरिओ चालवतात. इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी वापरतात. सप्लाय ठीक असेल आणि मध्ये फ्यूज टाकला असेल, तर हरकत नाही. गाडीची बॅटरी चार्ज करायला मात्र कुणी लावू नये. बॅटरीला १२ हून जास्त दाब लागतो आणि बेतानं सोडलेला प्रवाह लागतो. या डब्याला त्यातलं काहीच येत नाही. आणि तीन पिनांचाच प्लग वापरायचा, कारण या डब्याच्या काळ्या तारा आणि पत्रा दोन्ही अर्थिंगला जोडलेले असतात. इमारतीत अर्थिंगच नसेल, तर पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात. आमच्याकडच्या जुन्या चाळवजा इमारतींत हा अनुभव नवा नाही, आणि लोक तो 'थोडासा करंट' म्हणून चालवून घेतात. चालवून घेऊ नये. वायरमनला बोलवावं.

शेवटची गोष्ट रंगांची. मी इतका वेळ हिरवी, काळी, पिवळी म्हणत आलो, पण अलीकडच्या महागड्या सप्लायच्या सगळ्या तारा देखणेपणासाठी काळ्याच असतात. तिथं रंगावर नाही, क्रमांकावर जायचं : १६ आणि १७. शिवाय काही मोठ्या कंपन्यांच्या तयार कॉम्प्युटरमध्ये कनेक्टरच वेगळा असतो, किंवा दिसायला सारखा आणि आतून तारांचा क्रम निराळा. तिथं त्या मॉडेलचा नकाशा हातात असल्याशिवाय काही खोचू नये. आणि २०२० च्या सुमारास इंटेलनं आणखी एक मांडणी पुढं केली, तिच्यात सप्लाय फक्त १२ व्होल्ट देतो. ५ आणि ३.३ मदरबोर्डनं स्वतः करून घ्यायचे. तिचा मुख्य कनेक्टर दहा भोकांचा. तसला डबा भाच्याच्या दुकानात अजून दुरुस्तीला आलेला नाही. पण त्यानं त्याचा नकाशा छापून मागच्या भिंतीवर चिकटवून ठेवला आहे, २० आणि २४ भोकांच्या नकाशांच्या शेजारी.